ओल्या तंबाखूचा आश्विन

परतीचा पाऊस यंदा पुन्हा रेंगाळलाय. नगरकडचा पाऊस जाता जाताच खरा येतो. पुण्या-मुंबईकडची माणसं श्रावणात पावसाला कंटाळलेली असतात तेव्हा आम्ही कोरड्या आभाळाकडे बघत असतो. मग सगळीकडचा पाऊस आवरून निघाला की आमच्या दारात येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. घट बसून उठले तरी भिंती घामेजलेल्या, गादीखाली हात घातला तर गार, मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं. काल शाळेतून आले, छत्री मोरीत उभी केली आणि कोरडा टॉवेल घ्यायला कपाट उघडलं, तर दमट कपड्यांच्या घडीतून एकदम नानांच्या तंबाखूचा वास आला.

तो तिथं असायचं काही कारण नाही. नाना जाऊन बराच काळ लोटला, तंबाखूचे डबे भंगारवाल्यानं कधीच नेले. कपडेसुद्धा सगळे नंतरचे. तरी मी टॉवेल हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग पावसानं पुन्हा जोर धरला आणि मी आधी गॅलरीच्या दाराला विटेचा तुकडा लावून आले. ही सवय मला नानांच्या त्या एका ओल्या आश्विनात लागली.

नाना म्हणजे माझे सासरे. नगरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. घराणं आधी भिक्षुकीचं, मग कारकुनीचं, मग मास्तरकीचं. अशा घरात पाइप कुठून आला याचं येणाऱ्या-जाणाऱ्याला नवल वाटायचं. तरुणपणी ते कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या मुलांना शिकवायला जात. बदली झाल्यावर त्या साहेबांनी जाताना आपला एक पाइप आठवण म्हणून दिला, आणि नानांनी तो शोभेला न ठेवता ओढायला घेतला. सासूबाईंची अट एवढीच होती की घरात नाही ओढायचा. म्हणून गॅलरीत, दिवेलागणीच्या आधी, दिवसातून एकदाच. तंबाखू इंग्लंडहून माझी नणंद मेधाताई पाठवायची.

मी काष्टीची. आमच्याकडे बैलांच्या बाजारात वाढलेली माणसं, घरात ऊस आणि कांदा. मी गणितात बरी निघाले, नगरला शिकायला आले, तिथं अभिजित भेटला. नानांनी लग्नाला विरोध केला नाही. अक्षता टाकल्या, आशीर्वाद दिला, आणि त्यानंतर माझ्याशी बेतानं बोलत राहिले. ‘पेपर आला का’, ‘चहा झाला का’, ‘अभिजितचा फोन होता का’. त्यात राग नव्हता. जवळीकही नव्हती. एका स्टेशनवर वेगवेगळ्या गाड्यांची वाट बघणारी माणसं एकमेकांशी जेवढं बोलतील तेवढं आम्ही बोलायचो.

सासूबाई गेल्या, आणि पुढच्याच वर्षी नानांचा कंपवात वाढला. आधी उजवा हात थरथरायचा, मग दोन्ही. मोरीत पडले, माकडहाडाला मार बसला. आमचा फ्लॅट सावेडीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यानंतर जिना त्यांना बंद झाला. अभिजित गुजरातमध्ये रसायनांच्या कारखान्यात, महिन्याकाठी कधी तरी येणारा. दिवसभरासाठी बाई ठेवून पाहिली. नानांनी एकीला दुपारीच परत पाठवलं, दुसरीनं त्यांच्या वागण्यानं स्वतःच निरोप घेतला. “परकं माणूस घरात फिरलेलं मला चालत नाही,” ते म्हणाले. मग मी शाळेतली शिकवायची नोकरी सोडली. “थोडे दिवस बघ,” अभिजित म्हणाला, आणि आम्ही दोघांनीही ते थोडे दिवस म्हणजे किती, हे विचारायचं टाळलं.

आणि मग तो आश्विन आला.

एके दिवशी दुपारी मी भाजी निवडत बसले होते. नाना भिंतीला धरून, पाय घासत स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात चपटा पत्र्याचा डबा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. ठेवतानासुद्धा तो थरथरून वाजला.

“हे जरा चोळून देशील का? मला आता जमत नाही,” ते म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि त्यांनी माझ्याकडे स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट.

मी झाकण उघडलं. आत पातळ, लांबट पट्ट्या एकावर एक रचलेल्या. काळपट तपकिरी, मधूनच पिवळसर रेघा, बाभळीच्या सालीचे कोणी नीट तुकडे करावेत तशा. हाताला ओलसर, चिकट नाही पण गार. आणि वास. मनुकांचा, वाळल्या गवताचा, आणि त्याखाली साखर कारखान्याच्या मळीसारखा काहीतरी आंबूस गोड. गळीत सुरू झालं की आमच्या काष्टीकडं हवेतच असतो तो वास. पण या सगळ्याच्या तळाशी होती ती तंबाखूच, आणि ती मला बोट ठेवून दाखवता आली असती.

माझे वडील, दादा, तंबाखूनंच गेले.

त्यांच्या कमरेला चंची असायची. डाव्या तळहातावर चिमूट तंबाखू, नखानं चुना, उजव्या अंगठ्यानं मळायची, मग दोन टाळ्या मारून भुसा उडवायचा आणि खालच्या ओठात सोडायची. लहानपणी मला ती टाळी फार आवडायची. दादा घरी आलेत हे मला त्या टाळीवरून कळायचं. पुढे त्याच ओठाच्या आत गाठ आली. पुण्याच्या दवाखान्यात जबडा काढला. शेवटचे काही महिने दादा पाटीवर खडूनं लिहून बोलायचे, आणि त्यांना फार लिहिता येत नसे. मी तेव्हा नोकरीला नुकतीच लागले होते. त्या वॉर्डात शेजारच्या सगळ्या खाटांवर दादांसारखीच माणसं होती, गळ्यात रुमाल गुंडाळून, हनुवटी झाकून बसलेली.

आणि आता नाना माझ्यासमोर खुर्चीत बसून सांगत होते, “दोन पट्ट्या घे. अशी दुमड. आता तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या टाचेनं चोळ. जोर नको. पीठ करायचं नाही, धागे सुटले पाहिजेत.”

मी चोळली. नाही म्हणण्यासाठी जेवढा वेळ लागतो तेवढा मला मिळाला नाही, किंवा मी घेतला नाही. धागे सुटत गेले, ताटलीत पसरत गेले. नानांनी एक चिमूट उचलून डोळ्यांजवळ नेली.

“छान. आता वाळू दे. ओली भरली तर पेटत नाही. पेटली तर आत पाणी धरते, गुरगुरते, जिभेला चावते. आणि फार वाळली तर भुरकन जळून जाते, चवच लागत नाही. मधलं काहीतरी पाहिजे.”

“वापसा,” मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली.

“पेरणीच्या आधी रान जसं लागतं तसं. मूठ दाबली तर ढेकूळ होऊ नये, सोडली तर मोकळी व्हावी.”

“वापसा,” ते सावकाश म्हणाले. “बरोबर. वापसाच.” आणि पहिल्यांदाच मला वाटलं की ते माझ्याकडे बघून बोलले.

पण त्या आश्विनात रानालाच वापसा येत नव्हता, तिथं ताटलीतल्या तंबाखूला कुठून येणार. ज्वारीची पेरणी खोळंबली म्हणून माझा भाऊ फोनवर वैतागायचा, आणि इकडे मी तंबाखू वाळवायच्या मागे. सकाळी ताटली खिडकीत ठेवायची, भुरभुर आली की आत आणायची. टीव्हीचा डबा गरम असतो म्हणून त्यावर ठेवून पाहिली. टेबलावरच्या दिव्याखाली ठेवली. एकदा तवा तापवून, गॅस बंद करून, त्यावर कागद ठेवून पसरली, तर कडा कुरकुरीत झाल्या आणि मधली ओलीच राहिली. दर थोड्या वेळानं जाऊन दोन बोटांत चिमूट दाबून बघायची. दाबलेली तशीच राहिली की ओली, सावकाश उलगडली की झाली. दिवसाचे सगळे तास त्या एका चिमटीभोवती फिरायला लागले. स्वयंपाक, नानांच्या गोळ्या, त्यांची अंघोळ, तंबाखू. पुन्हा स्वयंपाक. खालून शाळेच्या रिक्षा जायच्या, पोरं पावसात ओरडायची, आणि मी खिडकीत उभी राहून तंबाखू वर-खाली करायची. मी शिकवायची त्या वर्गाला या आठवड्यात कोणता धडा असेल, याचा हिशेब मनात आपोआप चालायचा.

संध्याकाळी मी त्यांना गॅलरीत खुर्चीत बसवायची. पाइप मीच भरायची. आधी सैल, मग थोडी दाबून, वर हलका हात. काडी मी लावायची आणि त्या क्षणी श्वास रोखून धरायची. नाना डोळे मिटून पहिला धूर सोडायचे आणि त्यांचे हात जरा शांत व्हायचे. खरंच व्हायचे की मला तसं वाटायचं, सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारलं होतं तर ते म्हणाले, “बंद केलेला उत्तम. पण या वयात मी काय सांगू?” ते काही सांगणार नाहीत हे मला कळलं. मग सांगायचं कोणी?

मधेच आई काष्टीहून आली. पिशवीतून कांदे, घेवडा, घरचं तूप काढलं. चहा पिता पिता तिनं माझा हात हातात घेतला, तिला सवयच आहे बोलताना हात धरायची. मग एकदम तिनं माझा तळहात नाकाजवळ नेला.

“मने, तुज्या हाताला तुज्या दादाचा वास येतोय,” ती म्हणाली.

मी सांगितलं सगळं. तिनं बशी खाली ठेवली.

“न्हाई म्हन की त्यास्नी.”

“कसं म्हणू?”

“तेबी खरंच हाय,” आई म्हणाली. “मी तरी कुटं म्हनले हुते तुज्या दादाला. चुना संपला की मीच आनायचे.”

ती गेल्यावर मी साबणानं हात धुतले, मग लिंबू चोळलं, मग बेसन. वास गेला असावा. मला येतच राहिला.

अडकणं म्हणजे काय, याचा मी त्या दिवसांत फार विचार करायची. कुणी कडी लावलेली नसते. दार उघडंच असतं, भाजी आणायला, औषधं आणायला आपण जातो-येतोसुद्धा. तरी पाऊल टाकलं की घड्याळ मागे ओढतं. नाना वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं, भांडता आलं असतं. ते चहा झाल्यावर कप स्वतः बेसिनपर्यंत न्यायचा प्रयत्न करायचे, आणि फुटायचा. अभिजित फोनवर रोज विचारायचा, “दमलीस का?” आणि दमले म्हटलं तर तिकडे त्याची झोप उडणार, म्हणून मी नाही म्हणायची. कुणाचाच दोष नव्हता. माझं काहीतरी आत ओलंच राहून बुरशी धरत होतं, एवढंच.

मग एका दुपारी ऊन पडलं. कितीतरी दिवसांनी पडलेलं, धुतल्यासारखं ऊन. मी घाईनं गॅलरीत स्टूल ठेवलं, त्यावर तंबाखूची ताटली. नानांना म्हटलं, चला, तुम्हीही जरा उन्हात बसा. त्यांना खुर्चीत टेकवून मी पाठीमागे उशी सारत होते, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि दार आपटलं. आमच्या त्या लाकडी दाराची वरची कडी ढिली होती. आपटल्याबरोबर ती आतून घसरून कोयंड्यात बसल्याचा आवाज मी ऐकला.

मी ढकललं. खांद्यानं ढकललं. दार पावसानं फुगलेलं, चौकटीत घट्ट बसलेलं. फोन आत ओट्यावर. बाहेरच्या दाराची जादा किल्ली खालच्या काकूंकडे असते, पण काकू सकाळीच शिर्डीला गेल्या होत्या. बिल्डिंगमध्ये बाकी सगळे नोकरीवर. समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, तिथले लोक जेवून कुठं पांगले होते कोण जाणे. खालून एक टेम्पो गेला. मी हाका मारल्या, त्याला गाण्याच्या आवाजात ऐकू आल्या नाहीत.

“आता?” नाना म्हणाले.

“काकू संध्याकाळपर्यंत येतील.”

“माझी चारची गोळी आहे.”

“हो,” मी म्हणाले.

ती गोळी चुकली की नाना आखडतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. थरथर थांबते आणि अंग लाकूड होतं. मग जीभही.

ऊन जसं आलं तसं गेलं. पाऊस तिरपा आला, गॅलरीत थेट. मी त्यांची खुर्ची भिंतीच्या कोपऱ्यात ओढली, माझी ओढणी त्यांच्या डोक्यावरून गळ्याभोवती गुंडाळली आणि पावसाकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभी राहिले. ताटलीत पाणी साठलं. धागे वर तरंगायला लागले, पाणी चहासारखं तांबूस झालं.

“तंबाखू भिजली,” मी म्हणाले.

“भिजू दे.”

 मग नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझे वडील याच्यानंच गेले ना?”

मला क्षणभर नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“अभिजितनं तेव्हाच सांगितलं होतं. तोंडाचा.”

“माहीत होतं, आणि तरी मला चोळायला दिलीत?”

“हो.” त्यांनी गुडघ्यावरचे हात एकमेकांत गुंतवायचा प्रयत्न केला, ते जमेना. “मागायला दुसरं कोण होतं? आणि मला वाटलं, तू नाही म्हणशील. तू म्हणाली नाहीस.”

“नाही म्हणायची सोय होती का मला?”

 आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते माहेरच्या बोलीत निघालं, इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर कधी न बोललेल्या. “कोंडल्यावानी झालंय नाना मला. आज न्हाई, ह्या दारानं न्हाई. कवाधरनं. तुमचा डबा उघडला की मला त्यो वॉर्ड दिसतो. दादाची पाटी दिसती. आन मी चोळतीया, वाळवतीया, भरून देतीया. शाळा गेली माजी. मी कोन हाय ह्या घरात, तंबाखू वाळवनारी?”

माझा आवाज चढला नव्हता. पावसात चढवूनही उपयोग नव्हता.

“मलाही,” नाना म्हणाले.

“काय?”

“कोंडल्यासारखं होतं.” ते कठड्यापलीकडे बघत होते. “आयुष्यभर मुलांना डोंगर दाखवायला नेलं मी. आता हा समोरचा प्लॉट बघतो. त्यांनी तिसरा मजला चढवला की त्यावरचं आभाळही दिसायचं नाही. दिवसभर मी पाच वाजायची वाट बघतो. पाइपची नाही. पाच वाजले म्हणजे एक दिवस संपला, त्याची.”

 हे मला सुचलंच नव्हतं. एकाच खोलीत दोघंजण कोंडलेले असतात, आणि दोघांनाही वाटत असतं की दुसऱ्याच्या खिशात किल्ली आहे.

थोड्या वेळानं त्यांनी खाली मान घालून सांगितलं की त्यांना लघवीला लागली आहे. सांगताना त्यांचा चेहरा लहान झाला होता. कोपऱ्यात तुळस सुकून गेलेली एक रिकामी कुंडी होती. मी त्यांना उभं केलं, भिंतीचा आधार दिला, एका हातानं त्यांचा दंड धरून पाठ फिरवली आणि समोरच्या बांधकामाच्या ओल्या सळ्या बघत राहिले. त्यांना वेळ लागला. पाऊस जोरात होता ते बरं झालं.

मग चार वाजून गेले असावेत, कारण त्यांचे हात हळूहळू शांत झाले, आणि ते शांत होणं चांगलं नव्हतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. मान एका बाजूला वळून राहिली. ते काहीतरी म्हणाले, ते कळलं नाही. मी खाली बसून त्यांचे हात माझ्या हातात घेतले आणि चोळायला लागले. बोटं, तळवे, मनगटं. जोर न लावता. ते गार पडले होते. मी बोलत राहिले, कारण त्यांचे डोळे घाबरलेले होते. काष्टीच्या बाजाराचं सांगितलं. बैलाचे दात कसे बघतात, रुमालाखाली बोटं धरून भाव कसा ठरतो, दादांनी एकदा मारका बैल घरी आणला आणि आई दोन दिवस गोठ्यात शिरली नाही. मला दादांबद्दल इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. दवाखान्याच्या आधीचे दादा कितीतरी होते.

अंधारून येता येता खाली रिक्षा थांबली. काकू उतरल्या, हातात प्रसादाची पिशवी. मी ओरडले. त्यांनी वर पाहिलं, आणि गुडघे दुखतात म्हणून एकेक पायरी मोजत चढणाऱ्या त्या बाई कशा वर आल्या कळलं नाही. कडी निघाली. आम्ही दोघींनी मिळून नानांना आत नेलं, पुसलं, गोळी चमच्यात विरघळवून दिली. काकूंनी त्यांच्या कपाळाला उदी लावली आणि म्हणाल्या, “बाबांनीच लवकर परत पाठवलं बघ मला.” गोळी अंगात उतरायला वेळ लागला. नानांचा हात पुन्हा थरथरायला लागला तेव्हा मला रडू आलं. थरथर बघून बरं वाटावं, असाही दिवस असतो.

त्यानंतर त्यांनी डबा मागितला नाही. मीही काढला नाही. तो फ्रिजवर पडून राहिला. संध्याकाळी ते गॅलरीत रिकामा पाइप दातांत धरून बसायचे. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. वाटलं नाही. ती वेळ नुसती लांबत जायची, आणि आम्ही दोघं एकमेकांना टाळत तिच्या दोन टोकांना बसायचो.

अभिजित आला. सकाळी पोहे खाताना नाना म्हणाले, “बाई बघ. दिवसभराची. मनीषा शाळेत जाईल.”

“पण तुम्हालाच परकं माणूस चालत नाही ना?” अभिजित म्हणाला.

“चालेल आता.”

“असं अचानक काय झालं?”

“दार लागलं होतं,” नाना म्हणाले, आणि पुढे पोहे खायला लागले.

अभिजितनं माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळत होते. मेधाताईला नानांनी आधीच फोन करून तंबाखू पाठवू नकोस म्हणून सांगितलं होतं, हेही तेव्हाच कळलं. दुपारी मी त्यांना विचारलं, “आहे त्या डब्याचं काय करायचं?”

“आहे तेवढी संपेल.”

“रविवारी मी करून देत जाईन. मला चालेल.”

“नको,” ते म्हणाले. “तू नको. मी बघतो.” तो नकार इतका स्वच्छ होता की मला त्यात काही शोधावं लागलं नाही.

माझ्या जुन्या शाळेतली जागा भरलेली होती. दिवाळीच्या सुट्टीआधी एका खासगी शाळेत जागा निघाली, हिवरे बाजारच्या बाजूला, शहराबाहेरच्या एका गावात. रोज स्कूटीवर जायचं. शोभाताई नावाची बाई दिवसभरासाठी आली. मोठ्या आवाजाची, पण हाताला हलकी. पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा नानांनी दाराकडे पाहिलं नाही.

वर्गात शिरले, खडू हातात घेतला, आणि फळ्यावर तारीख लिहिताना हात क्षणभर थांबला. मग चालू झाला. पोरांना माझं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नव्या बाईंना छळायचं ते छळलं. येताना भुरभुर होती. मी भिजत आले, मुद्दाम.

घरी आले तर शोभाताई कमरेवर हात ठेवून गॅलरीच्या दारात उभी. “बगा तुमीच. दोनदा झाडलंय. ऐकत न्हाईत.”

नाना खुर्चीत बसले होते. मांडीवर ताटली. तंबाखू सदऱ्यावर, लेंग्यावर, फरशीवर, भुवईतसुद्धा एक धागा. काही चुरा होऊन गेलेली, काही पट्ट्या तशाच अखंड. पाइप दातांत होता, त्यातून धूर येत नव्हता. शोभाताईनं कितीतरी काड्या लावून दिल्या होत्या, त्या खाली पडल्या होत्या.

“जमलं नाही,” नाना म्हणाले. “पण दुपार गेली.”

मी ओल्या कपड्यांनिशी तिथंच, उंबऱ्यावर बसले. मी बाहेर पडले होते. ते पडणार नव्हते. हे दोन्ही मला त्या एका वाक्यात कळलं, आणि त्यावर काही उपाय नव्हता. माझं सुटणं खरं होतं, त्यांचं अडकणंही खरं होतं, आणि एकानं दुसरं फिटत नव्हतं.

“कुठल्या रस्त्यानं गेलीस?” त्यांनी विचारलं.

“रेल्वेच्या फाटकावरून. पुढे चढ लागतो.”

“चढ नंतर. आधी ओढा आहे.”

“हो, आधी ओढा.”

“पूल अरुंद आहे तिथं. पाणी होतं?”

“होतं. कठड्याच्या खालपर्यंत.”

“गढूळ की स्वच्छ?”

मला आठवावं लागलं. “जाताना गढूळ होतं. येताना निवळलं होतं.”

त्यांनी मान हलवली, जसं विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आल्यावर हलवत असतील. “वरच्या अंगाला पाऊस थांबला म्हणजे. मग उजव्या हाताला बाभळी. मुलांना घेऊन तिथं डबे खायचो आम्ही.”

“बाभळी नाहीत नाना आता. तिथं हॉटेल झालंय.”

 डोळे मिटून त्यांनी बाभळी काढल्या असाव्यात आणि तिथं हॉटेल बसवलं असावं. त्याला जरा वेळ लागला.

“बरं,” ते म्हणाले. “हॉटेलपासून पुढे सांग. हळू सांग.”

शोभाताई आतून दिवा लावू का म्हणून विचारत होती, आणि आम्ही दोघं अजून चढालासुद्धा लागलो नव्हतो.